तेच झाड

“घाबरायचं नाही, सोपान. मला जसं सांगतोस ना, तस्संच तिथं सांगायचं. एक शब्द कमी नको, एक शब्द जास्त नको.”

मिरीकर सर माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. आम्ही तुतीखाली उभे होतो. जानेवारीचा पहिला आठवडा होता, छाटणी उरकून चार दिवस झाले होते, आणि बोडक्या झाडातून ऊन थेट आमच्या डोक्यावर येत होतं.

“घाबरतंय कोण, सर?” मी म्हणालो. “पण तिथं उपायुक्त बाई असणार, इंजिनियर असणार, वकील असणार. मी पडलो बागेतला मुकादम. जन्मात कधी माईकसमोर उभा राहिलो नाही.”

“म्हणूनच तुझं ऐकतील. मी बोललो की लोकांना ते पुस्तकातलं वाटतं. तू आबांचं नाव घेतलंस की बास! सगळी सभा गप्प.”

सभा गप्प झाली, यात वाद नाही. तेवढं सर खरं बोलले होते.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी रिटायर झालो, गुडघे गेले, निम्मे दात गेले, पण तो गुरुवार काही माझ्यातून जात नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. कोण खरा आणि कोण खोटा, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

आमच्या शहरात अगदी मधोमध एक बाग आहे. कागदावर तिचं नाव ‘नगर उद्यान’, लोकांच्या तोंडी हालडीबाग. नवीन माणसाला वाटतं इथं हळदीचं काहीतरी असेल. तसं नाही. इंग्रजांच्या काळात हॅलिडे नावाचा कुणी कलेक्टर होता, त्याच्या डोक्यात रेशमाचं खूळ शिरलं. त्यानं ओढ्याच्या काठानं चारशे तुती लावल्या, लोकांना रोपं फुकट वाटली, रेशमाचे किडे कुठूनसे मागवले. एप्रिलच्या उन्हात किडे पटापट मेले, साहेब आजारी पडून विलायतेला गेला, आणि तुती मागं राहिल्या. त्यातल्या काही सरपणात गेल्या, काही रस्त्यात गेल्या. शेवटी एकच उरली, आमच्या बागेच्या ईशान्य कोपऱ्यातली.

मार्चमध्ये तिची फळं पिकली की खालची जमीन जांभळी व्हायची, शाळेतल्या पोरींचे फ्रॉक जांभळे व्हायचे, आणि त्यांच्या आया येऊन मला शिव्या द्यायच्या. जसं काही मीच पोरींना वर चढवत होतो! डिसेंबरात छाटणी झाली की बुरूडआळीतल्या बायका फोक न्यायला यायच्या, टोपल्या विणायला. हे एवढंच त्या झाडाचं काम. रेशीम काही त्यानं कधी दिलं नाही.

त्या तुतीची निगा आमच्या घराण्याकडं. आजा माळी, बाप म्हणजे आबा माळी, मी मुकादम. आडनाव झगडे, पण तीन पिढ्यांत बागेत कुणाशी तंटा नाही. बायको म्हणायची, “तंटा घरी करायचा असतो ना तुम्हाला, म्हणून बागेत पुरत नाही.”

आणि आता पालिकेला तिथं संगीत कारंजं करायचं होतं. गाण्याच्या तालावर पाणी नाचणार, वर रंगीत दिवे. जागा नेमकी तुतीची. अडचण एकच होती. पालिकेचाच जुना ठराव होता की शंभर वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ समजायचं आणि त्याला कुऱ्हाड लावायची नाही. आणि तुतीच्या बुंध्याशी पंधरा वर्षांपासून पाटी होती: ‘तुती. वय सुमारे १५० वर्षे.’ म्हणजे मामला सरळ होता. गुरुवारच्या सुनावणीत तुती दीडशे वर्षांची ठरली तर वाचली. नाही ठरली तर गेली.

ती पाटी लावली होती मिरीकर सरांनीच.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पंचवीस वर्षं दर रविवारी सकाळी बागेत यायचे, आधी विद्यार्थ्यांना घेऊन, नंतर नंतर एकटेच. बाकी साऱ्या शहरासाठी मी ‘ए माळी’ होतो, सरांसाठी सोपान होतो. तुतीला लॅटिनमध्ये मोरस म्हणतात हे त्यांनी मला शिकवलं, आणि डोळा, म्हणजे फांदीवरची फुटायची कळी, दुसऱ्या झाडावर भरायचा कसा हे मी त्यांना शिकवलं. माझ्या थोरल्याला बारावीला त्यांनी घरी बोलावून शिकवलं, एक पैसा न घेता. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला आले. त्या माणसानं सांगितलं असतं की विहिरीत उडी मार, तर मी पाणी किती आहे एवढंच विचारलं असतं.

पाटी लावायच्या दिवशी मी त्यांना आबांची फांदीची गोष्ट सांगितली होती. सरांनी ती दोनदा ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “शास्त्रही हेच म्हणतं, सोपान. फांदीतून आलेलं झाड म्हणजे तेच झाड. दुसरं नव्हे. तुझे आबा शाळेत न जाता शास्त्रज्ञ होते.” त्या रात्री मला झोप आली नाही, एवढा आनंद झाला होता.

गुरुवारी सकाळी हौसा, म्हणजे माझी बायको, माझ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. मी आरशासमोर उभा राहून बोलायची तालीम करत होतो.

“सन्माननीय अध्यक्ष महोदया...”

“अगं बाई!” हौसा म्हणाली. “महोदया! सरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय वाटतं चांगलंच.”

“त्यांचा विश्वास आहे माझ्यावर. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला एवढंच कळतंय की सर स्वतः सुनावणीच्या कमिटीवर आहेत. त्यांनी एक शब्द टाकला तर काम होईल. मग तुम्हाला कशाला पुढं करतायत?”

“झाड मी सांभाळलं, म्हणून.”

तिनं सदरा माझ्या हातात दिला. “मग असं करा. झाड जुनं आहे, आमच्या आज्यानं त्याला पाणी घातलंय, एवढं म्हणा आणि खाली बसा. ती फांदीची गोष्ट कशाला?”

मला रागच आला. “अगं, फांदीची गोष्ट सांगितल्याशिवाय जुनं कसं ठरणार? तू स्वतः खरकटं पाणी घातलंस त्याला! आबांनी ते मरू दिलं नाही, हाच तर पुरावा.”

“बरं बाई, सांगा,” ती म्हणाली. “मला आपलं वाटलं.”

आता तुम्ही म्हणाल, सोपान झगडे, तू एवढा कसा रे खुळा? पण मी खुळा नव्हतो. आमचं मूळ गाव पुरंदरकडचं, अंजिराच्या बागांचं. तिकडं अंजीर फांदीवर लावतात. जुनं झाड थकलं की त्याचीच फांदी शेजारी रोवायची, आणि वय मोजायचं ते पहिल्या झाडापासून. आमच्या भावकीत एक ‘पणजोबांचं अंजीर’ आहे. ते चार वेळा पुन्हा लावलंय, पण कुणाही माळ्याला विचारा, तो शंभराच्या वरचं वय सांगेल. दुसरं काही त्याच्या डोक्यातच येणार नाही. तसंच माझ्याही डोक्यात आलं नाही.

सुनावणी पालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. समोर लांब टेबल, मधे उपायुक्त बाई, एका बाजूला इंजिनियर, दुसऱ्या बाजूला कमिटीचे तज्ज्ञ म्हणून मिरीकर सर. खुर्च्यांवर पन्नास-साठ माणसं. पहिल्या रांगेत कमलताई शेटे, बागेत रोज फिरायला येणाऱ्या रिटायर मुख्याध्यापिका. झाडासाठी सह्या गोळा करत त्यांनी आख्खा महिना उन्हातान्हात काढला होता. मला पाहून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली.

“या झगडे, इथं बसा. तुम्ही आलात, आता काळजी नाही.”

आधी इंजिनियर बोलला. कारंजं किती उंच उडणार, शहराची शोभा कशी वाढणार, वगैरे. मग कमलताई उठल्या. त्यांनी मुद्देसूद सांगितलं, शाळेत सांगतात तसं. ठराव वाचला, सह्यांचे गठ्ठे ठेवले आणि सगळ्यात शेवटी सरांच्या पाटीचा फोटो टेबलावर ठेवला.

“दीडशे वर्षं,” त्या म्हणाल्या. “हे मी म्हणत नाही. तुमच्याच कमिटीवरचे प्राध्यापक मिरीकर म्हणतायत.”

उपायुक्त बाईंनी फोटो पाहिला आणि सरांकडं वळल्या. “सर, मग प्रश्नच मिटला म्हणायचा?”

माझ्या शेजारी कमलताईंनी सुटकेचा सुस्कारा सोडला. खरंच मिटला होता प्रश्न! सरांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी आम्ही दहा मिनिटांत घरी गेलो असतो.

सर उभे राहिले. “माझी एक विनंती आहे. या झाडाची ज्यांनी तीन पिढ्या निगा राखली, त्या श्री. झगडे यांचं आधी ऐकून घ्यावं.”

श्री. झगडे! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी चारचौघांत ‘श्री.’ लावलं होतं. मी उठलो, माईकपाशी गेलो. महोदया वगैरे सगळं विसरलो. हात कुठं ठेवावे कळेना, म्हणून पाठीमागं बांधले आणि सुरू केलं.

“बाई, बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही लहान असाल. बागेतल्या विहिरीनं तळ दाखवला होता. तुती आतून वाळवीनं पोखरली होती, वरून पाणी नाही. पानं गळाली, मग फांद्या वाळायला लागल्या. तेव्हाचे साहेब म्हणाले, तोडून टाका, लंगरखान्याला सरपण होईल. माझे वडील, भिकोबा झगडे, रात्रभर झाडापाशी बसले. सकाळी त्यांनी सगळ्या झाडावरून हात फिरवला. एकच फांदी जिवंत लागली, अंगठ्याएवढी जाड. ती त्यांनी काढली, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि घरी माजघरात ठेवली. मूळ झाड तुटलं. आबांनी आठ दिवस खपून त्याची मुळं खणून काढली आणि त्याच खड्ड्यात ती फांदी लावली.”

हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. मला जोर आला.

“पाणी कुठलं? प्यायलाच नव्हतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. माझ्या मंडळींनी भांडी विसळलेलं पाणी तांब्यानं साठवायचं आणि मी ते संध्याकाळी बागेत न्यायचं. चौदा महिने असं केलं. लोक हसायचे आम्हाला. म्हणायचे, माणसं मरतायत आणि हे काटकीला पाणी घालतायत. आबा म्हणायचे, हसू द्या. बी लावलं तर लेकरू होतं. फांदी लावली की ते लेकरू नव्हे, ते झाड स्वतःच. साहेबानं लावलेली तुती आपण मरू दिली नाही, एवढंच लोकांना पुढं कधीतरी कळू दे. तर बाई, ते आज मी तुम्हाला सांगितलं.”

मी थांबलो. मागं कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि लगेच बंद झाली. मी वळून पाहिलं. कमलताई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला कळेना, का.

“म्हणजे,” उपायुक्त बाई सावकाश म्हणाल्या, “मूळ झाड बहात्तर साली गेलं.”

“गेलं कुठं बाई? बागेत उभं आहे की!”

दोघंतिघं हसले. इंजिनियर तर मोठ्यानं हसला. तरी मी निर्धास्त होतो. सर होते ना! त्यांना शास्त्र ठाऊक होतं. आता ते उठतील आणि या शिकलेल्या लोकांना नीट समजावून सांगतील, एवढीच मी वाट बघत होतो.

“मिरीकर सर,” बाई म्हणाल्या, “शास्त्र काय म्हणतं?”

सर उठले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“श्री. झगडे यांनी अत्यंत प्रामाणिकपणे वस्तुस्थिती सांगितली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माळी समाजात अशी एक समजूत आहे की फांदीपासून वाढवलेलं झाड म्हणजे मूळचंच झाड. मोठी हृद्य समजूत आहे. पण आपला ठराव वयाबद्दल आहे. आज उभ्या असलेल्या खोडाचं वय एकतीस वर्षं. माझी पाटी ही लोकांत चालत आलेल्या माहितीवरून केलेली होती. आज प्रत्यक्ष साक्षीदार समोर आल्यावर ती मागं घेणं माझं कर्तव्य आहे.”

“सर!” मी माईकशिवायच ओरडलो. “तुम्हीच म्हणाला होता, शास्त्रही हेच म्हणतं! पाटी लावायच्या दिवशी! चष्मा पुसत म्हणाला होता!”

“श्री. झगडे भावनेच्या भरात आहेत,” सर टेबलाकडं बघत म्हणाले. “आपण समजू शकतो.”

शिपायानं माझ्या दंडाला धरून मला खुर्चीवर बसवलं. कमलताईंनी पिशवी पुन्हा त्या खुर्चीवर ठेवली होती, ती मला आधी बाजूला करावी लागली. पुढचं काही माझ्या कानात शिरलं नाही. निकाल लागला तो मात्र ऐकू आला. झाड ठरावात बसत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात कमलताई जिन्यापाशी थांबल्या होत्या. सह्यांचे गठ्ठे त्यांनी छातीशी धरले होते.

“एवढंच सांगायला आला होतात का, झगडे?”

“ताई, आईची शपथ, मला ठाऊक नव्हतं...”

“तुमच्या तोंडात शब्द घालून कुणी पाठवलं नव्हतं ना? की घातले होते?”

मी काय सांगणार? घातलेच होते. पण ते शब्द माझ्या बापाचे होते. त्या खाली उतरून गेल्या. मागून येणाऱ्यांपैकी कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!” तो कोण होता हे मी आजवर शोधलं नाही. शोधून काय करायचं? खरंच तर होतं. आणि त्याच वेळी आतून कपबश्यांचा आवाज आला. सर आयुक्तांच्या केबिनमध्ये चहाला बसले होते.

घरी आलो तेव्हा हौसानं विचारलंसुद्धा नाही. तोंड बघूनच कळलं तिला. सकाळी सांगितलं होतं, ऐकलं नाहीत, असं ती एकदा जरी म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भाकऱ्या थापत राहिली आणि मी उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडलो. झाडासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त, हे आता कबूल करतो. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सर घरी आले. सभेत समजूत म्हणाले, आता समजूत काढायला आले. हौसा पाण्याचा तांब्यासुद्धा न देता आत निघून गेली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

“रागावलास?” सर म्हणाले.

“एकच विचारतो, सर. मी बोललो की काय होणार, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?”

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “सोपान, त्या कारंज्याशेजारी निसर्ग माहिती केंद्र होतंय. हे फारसं कुणाला ठाऊक नाही. वीस वर्षं मी ते मागतोय, तुलाच किती वेळा बोललोय. आयुक्त म्हणाले, दोन्ही एकाच आराखड्यात आहेत, कारंजं अडलं की केंद्रही अडलं. तिथं पोरं शिकतील, रोपवाटिका होईल, शेकडो झाडं लागतील. एका झाडाच्या बदल्यात.”

“मग तुम्हीच सांगायचं होतं, झाड एकतीस वर्षांचं आहे म्हणून. तुम्हाला तर माहीत होतं.”

“मी सांगितलं असतं तर कमलताईंनी माझीच पाटी माझ्या तोंडावर मारली असती. मिरीकर फिरले, असं झालं असतं. ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि तू काही खोटं बोलला नाहीस रे.”

“नाही. मी खोटं बोललो नाही.”

“मग झालं तर. केंद्रात मुकादम तूच. मी आयुक्तांना शब्द दिलाय.”

मला वाटलं होतं हा माणूस माफी मागायला आला असेल. निदान मान खाली घालेल. पण त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझं भलं केलं! आतून हौसाचा आवाज आला, “सर, दिवेलागण झाली. आता निघा तुम्ही.” सर उठले, चप्पल घातली, आणि जाता जाता पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही. का काढला नाही, त्याचा आजही राग येतो मला.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तुती तोडली. कंत्राटदाराची माणसं होती, पण बागेचा मुकादम म्हणून मला हजर राहणं भाग होतं. करवत चालू झाली तशी बुंध्यातून पांढरा चीक यायला लागला. आतलं लाकूड पिवळंधमक निघालं. बुरूडआळीतल्या दोन म्हाताऱ्या कुंपणाबाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. दुपारपर्यंत सगळं ट्रकमध्ये भरून झालं.

शुक्रवारी माहिती केंद्राचं भूमिपूजन. मांडव घातला, आयुक्त आले, पेपरवाले आले. नारळ फुटल्यावर सरांनी माईक घेतला.

“मित्रहो, विकास म्हणजे विनाश नव्हे. जुन्या तुतीची एक फांदी मी जपून ठेवली आहे. आज ती इथं लावून आपण दीडशे वर्षांची परंपरा पुढं नेणार आहोत.”

एका पोत्यात गुंडाळलेली फांदी त्यांनी वर धरली. पोतं ओलं होतं. ते त्यांना कुणी शिकवलं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि शेजारी झाकलेल्या पाटीवरचं कापड आयुक्तांनी बाजूला केलं. मी वाचलं: ‘वारसा तुती. परंपरा दीडशे वर्षांची.’

तोडायला एकतीस वर्षांची, आणि भूमिपूजनाला दीडशे वर्षांची! महिन्याभरापूर्वी जी माळ्यांची समजूत होती, ती आता पाटीवर होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आबा असते तर त्यांनी मांडवातच आडनाव दाखवलं असतं.

“आणि ही फांदी लावतील,” सर म्हणाले, “आपले श्री. सोपान झगडे. त्यांच्या हाताला यश आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं गेलो. खड्डा तयार होता. मी फांदी हातात घेतली, कोयत्यानं दोन्ही टोकं साफ केली, मातीत रोवली आणि अंगठ्यानं माती घट्ट दाबली. सर माझ्या शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला, त्यात मी वाकलेला आणि सर हसतायत. थोरल्यानं मला तो दाखवला. मी म्हणालो, शेगडीत घाल.

केंद्रात मुकादमाची जागा मी घेतली नाही. जुन्या बागेतच राहिलो. सर रविवारी येईनासे झाले. कामं चालू होती, ते साइटवर असायचे. एप्रिल संपता संपता एका सकाळी ते मला शोधत आले. आधी थोडं उन्हाबद्दल बोलले. मग मला मांडवाच्या जागी घेऊन गेले. पाटी चकचकीत होती. तिच्यासमोर फांदी उभी होती, वाळून काटकी झालेली. एकही पान फुटलं नव्हतं.

“सोपान, लागली नाही रे.”

“नाही लागली.”

“पाणी कमी पडलं का?”

“पाणी रोज होतं.”

“मग?” त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पुढच्या महिन्यात उद्घाटन होतं आणि पाटीसमोर ही काटकी. “तुती तर कुठंही लागते. आणि तुझ्या हातची फांदी वाळली? तुझी अशी चूक कधी झालेली मी पाहिली नाही.”

“चूक झालीच नाही, सर,” मी म्हणालो. “मी ती उलटी लावली होती. शेंडा मातीत आणि बूड वर.”

सरांनी चष्मा नीट केला. ते हळूहळू खाली वाकले आणि काटकीजवळ तोंड नेऊन बघायला लागले. तिच्या अंगावरचे डोळे सगळे जमिनीकडं तोंड करून होते. पंचवीस वर्षं झाडं शिकवलेल्या माणसाला ते बघायला एवढा वेळ लागला.

“अरे, पण सगळ्यांच्या देखत?” ते म्हणाले.

“हो, सगळ्यांच्या देखत,” मी म्हणालो. “तुम्ही शेजारीच उभे होतात, टाळ्या वाजवत.”